चौदा नंबरची खोली

गोव्यात ऐंशी ओलांडलेल्या माणसांशी बोलत बसले की कधी ना कधी 'लिसेव' हा शब्द कानी पडतो. "मी लिसेवात शिकलो" असे सांगताना त्यांची मान किंचित ताठ होते. पणजीचे लिसेव १८५४ सालचे. आल्तिनोच्या टेकडीवरच्या त्या संकुलात पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ बरीच वर्षे होते. २०२१ साली ते पर्वरीला गेले. लिसेव, लिसे, लायसियम ही सगळी एकाच शब्दाची रूपे. मूळ अथेन्सचे, जिथे अ‍ॅरिस्टॉटल शिकवत असे. नेपोलियनने १८०२ साली फ्रान्समध्ये हे नाव सरकारी शाळांना दिले आणि तिथून ते युरोपभर पसरले. त्याच लाटेत ते रशियातही पोचले. आज लिहायचे आहे ते त्या रशियन लिसेवाविषयी.

रशियन लोक आता आपल्याला परके राहिलेले नाहीत. मोरजी-हरमलला उपाहारगृहांवर रशियन लिपीतल्या पाट्या लागल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्याच्याआधीचा रशिया मात्र आमच्या पिढीकडे कागदातून आला होता. सोव्हिएत मासिकांची ती जाड, गुळगुळीत पाने! वह्यापुस्तकांना कव्हर घालायला त्यांच्यासारखा दुसरा कागद नव्हता. माझ्या इतिहासाच्या वहीला कुरळ्या केसांच्या, दाट कल्ल्यांच्या एका माणसाचे कव्हर वर्षभर होते. तो पुश्किन, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर झारचे उन्हाळी गाव आहे, त्सार्स्कोये सेलो. तिथे कॅथरीन राजवाड्याला लागून एक चार मजली इमारत उभी आहे. इल्या नेयेलोव्ह या वास्तुविशारदाने ती सम्राज्ञी कॅथरीनच्या नातींसाठी बांधली. १८११ साली वासिली स्तासोव्ह याने तिच्यात फेरफार करून तिची शाळा केली. कमानीवरून जाणाऱ्या एका बंदिस्त सज्जाने ती राजवाड्याला जोडलेली आहे. १९ ऑक्टोबर १८११ रोजी (तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे) पहिला अलेक्झांडर झार जातीने हजर असताना तिचे उद्घाटन झाले. पहिल्या तुकडीत तीस मुलगे होते, त्यांत बारा वर्षांचा अलेक्झांडर पुश्किन. त्याला शाळेत घालायला राजधानीत आणले ते त्याच्या कवी असलेल्या काकाने.

ही शाळा काढण्यामागचा हेतू माझ्यासारख्या कारकुनाला लगेच कळतो. झारला चांगले सरकारी अधिकारी हवे होते. मिखाईल स्पेरान्स्की हा त्याचा सुधारणावादी मंत्री. राज्यकारभार लाचलुचपतीत आणि अडाणीपणात बुडालेला आहे, नव्या शिक्षणाचे तरुण खात्यांत आल्याखेरीज काही बदलणार नाही, असे त्याचे मत. म्हणून खानदानी घरांतली निवडक मुले घ्यायची, सहा वर्षे एका छपराखाली ठेवायची आणि बाहेर काढायची ती थेट सरकारी नोकरीत. कवी घडवावा असे कुणाच्याही मनात नव्हते.

सहा वर्षे म्हणजे अक्षरशः सहा वर्षे. मुलांना घरी जायला परवानगी नव्हती. सुट्टी असली तरी ती तिथेच काढायची. आईवडिलांना भेटायचे असेल तर त्यांनी सणवारी येऊन भेटून जावे. पहाटे सहाला घंटा, मग प्रार्थना, सात ते नऊ वर्ग, नऊला चहा, मग फिरणे, पुन्हा वर्ग. एकला जेवण, दुपारी अक्षर गिरवणे किंवा चित्रकला, पाचपर्यंत परत वर्ग, साडेआठला रात्रीचे जेवण आणि दहाला निजानीज. दिवसातून तीनदा बागेत फिरायला जायचे, पाऊस असो की बर्फ. हे वेळापत्रक इतके बारकाईने ठाऊक आहे ते इव्हान पुश्चिन या वर्गमित्रामुळे. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. हा पुश्चिन आपल्या लेखात पुन्हा येणार आहे.

तरीही त्या काळाच्या मानाने ही शाळा सौम्य होती. छडीला बंदी होती. (आपल्याकडे देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या शाळांतून पंतोजींची छडी किती पिढ्या नांदली, ते आठवून पाहावे.) प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली होती. खोली म्हणजे वरच्या मजल्यावर लाकडी पडद्या घालून केलेला खण. त्यात लोखंडी खाट, कपड्यांचे कपाट, लिहायची उभी मेज, आरसा, खुर्ची आणि तोंड धुण्याचे टेबल. पडद्या छतापर्यंत गेलेल्या नव्हत्या. पुश्किनची खोली चौदा नंबरची, पुश्चिनची तेराची. दिवसभरात कुणी काही लागट बोलले असेल तर रात्री निजायच्या वेळी पुश्किनला ते डसत राही आणि मग दोघे पडदीच्या अलीकडून-पलीकडून हलक्या आवाजात बोलत पडत. या संग्रहालयाविषयी मी जे जे वाचले आणि जी छायाचित्रे पाहिली, त्यांत माझे मन सगळ्यात जास्त रेंगाळते ते या अर्धवट पडदीपाशी.

शिक्षक मंडळीही अजब होती. फ्रेंच शिकवणारे द बुद्री हे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मारा याचे सख्खे भाऊ. कॅथरीनच्या परवानगीने त्यांनी नाव बदलले होते. म्हणजे झारच्या राजवाड्याच्या एका पाखात, राजाचे डोके उडवा म्हणणाऱ्याचा भाऊ राजनिष्ठ पोरांना क्रियापदे चालवून दाखवत होता! नीती आणि राज्यशास्त्र शिकवणारे कुनीत्सिन. उद्घाटनाच्या दिवशी या तरुण प्राध्यापकाने नागरिकाच्या कर्तव्यावर भाषण केले. ते झारला आवडले आणि त्याने त्यांना मानाचे पदक दिले. दहा वर्षांनी, १८२१ साली, त्याच कुनीत्सिनना निसर्गदत्त हक्कांवरच्या त्यांच्या पुस्तकापायी नोकरी गमवावी लागली. झार तोच होता, वारा तेवढा फिरला होता. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

पुश्किन विद्यार्थी म्हणून कसा होता? रशियन आणि फ्रेंच साहित्यात व तलवारबाजीत उत्तम, बाकी यथातथा. पुश्चिनने गणिताच्या तासाची गोष्ट सांगितली आहे. कार्त्सेव्ह मास्तरांनी त्याला फळ्यापाशी बोलावून बीजगणिताचे उदाहरण घातले. हा बराच वेळ पाय बदलत उभा राहिला, काहीबाही चिन्हे लिहिली. शेवटी उत्तर काय आले असे विचारल्यावर हसत म्हणाला, शून्य! त्यावर मास्तरांनी सांगितले की तुझे माझ्या तासाला सगळे शून्यातच संपते, जाग्यावर जाऊन बस आणि कविता लिही. या मास्तरांना कुणी पदक दिल्याचे वाचनात नाही, पण द्यायला हवे होते.

मुले हस्तलिखित मासिके काढत. 'लिसेवचा शहाणा' अशा अर्थाच्या नावाचे एक तर बरेच गाजले. आपल्या शाळांतून हस्तलिखितांची जी प्रथा होती, वर्गातल्या वळणदार अक्षराच्या मुलीला जिच्यामुळे महिनाभर भाव चढे, तीच ही. पुश्किनची पहिली कविता छापून आली १८१४ साली, 'वेस्तनिक येव्रोपी' या मासिकात. खाली सही होती ती आडनावातली व्यंजने उलटी लिहून केलेली. पंधरा वर्षांच्या मुलाला नाव दिसायलाही हवे असते आणि लपवायलाही.

मग आला ८ जानेवारी १८१५ चा प्रसंग. पहिल्या तीन वर्षांच्या अखेरीची जाहीर परीक्षा होती आणि तिला रशियन काव्यातले त्या काळचे भीष्माचार्य देर्झाविन पाहुणे म्हणून आले होते. वय एकाहत्तर. मुलांत केवढी खळबळ! देल्विग नावाचा पुश्किनचा कवीमित्र जिन्यात दबा धरून उभा राहिला, म्हाताऱ्याचा हात चुंबायचा म्हणून. देर्झाविन आले आणि त्यांनी दारवानाला पहिला प्रश्न विचारला, इथे शौचकूप कुठे आहे? देल्विगची भक्ती तिथेच गार झाली, तो निमूट दिवाणखान्यात परतला. ही गोष्ट पुढे पुश्किननेच लिहून ठेवली आहे. परीक्षा लांबत गेली, म्हाताऱ्याला डुलक्या येऊ लागल्या. साहित्याचा विषय निघाला तसे ते सावरून बसले. पुश्किनने उभे राहून त्सार्स्कोये सेलोच्या आठवणींवरची आपली कविता म्हटली. त्यात देर्झाविनचे नाव आले तेव्हा याचा आवाज चिरकला. संपल्यावर म्हाताऱ्याने पोराला मिठी मारायला बोलावले, तर पोरगा गायब! शोधूनही सापडला नाही. जिथे हे घडले तो तिसऱ्या मजल्यावरचा मोठा दिवाणखाना आज संग्रहालयाचा गाभारा आहे. शाळेच्या शताब्दीला, १९११ साली, रेपिन या चित्रकाराने या प्रसंगाचे मोठे चित्र काढले. एक हात वर उचलून कविता म्हणणारा मुलगा आणि कानामागे हात धरून पुढे झुकलेला म्हातारा. हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी त्या सोव्हिएत मासिकांत पाहिले असेल.

जून १८१७ मध्ये एकोणतीस जण बाहेर पडले (एकाला मध्येच काढून टाकले होते). सहा वर्षे ज्या घंटेवर ही मुले उठली-बसली, ती घंटा संचालक एंगेलहार्ट यांनी फोडायला लावली आणि तिच्या लोखंडाच्या अंगठ्या करून मुलांना वाटल्या. एकमेकांत गुंफलेले दोन हात, असा त्या अंगठीचा आकार. रशियनमध्ये बिडाच्या लोखंडाला 'चुगुन' म्हणतात, त्यावरून हे सगळे 'चुगुन्निक' म्हणवून घेत.

पुश्किनला परराष्ट्र खात्यात नोकरी मिळाली. चौदा पायऱ्यांच्या रशियन सरकारी उतरंडीत त्याची पायरी दहावी. पगार वर्षाला सातशे रूबल. निकालाच्या यादीत तो सव्विसावा होता, एकोणतिसांत. लिसेवातल्या काळात एंगेलहार्टनी प्रत्येक मुलावर टिपणे लिहिली होती, आपल्याकडच्या गोपनीय अहवालासारखी. पुश्किनविषयी त्यांनी जे लिहिले त्याचा सारांश असा की याचे मन थंड आणि रिकामे आहे. गोपनीय अहवालांची किंमत किती करावी, यासाठी हा दाखला मी कचेरीत नेहमी देतो. पण एंगेलहार्टवर अन्याय नको. १८२० साली पुश्किनच्या बंडखोर कविता हातोहात फिरू लागल्या. झारने बागेत एंगेलहार्टना गाठून तक्रार केली, की तुमच्या पोराने सगळा रशिया असल्या कवितांनी भरून टाकला आहे. तेव्हा याच एंगेलहार्टनी झारसमोर त्याच्यासाठी रदबदली केली. सैबेरियाची शिक्षा टळली, दक्षिणेकडे बदली झाली. कागदोपत्री ती बदलीच होती.

त्या बदलीत ओदेसाला असताना १८२४ साली त्याला वरिष्ठांचा हुकूम आला. टोळधाड पडली आहे, अमुक तमुक तालुक्यांत जाऊन पाहणी करा आणि अहवाल सादर करा! टोळ आले, बसले, सगळे खाऊन उडाले अशा अर्थाचा चार ओळींचा पद्य अहवाल त्याने दिला, ही आख्यायिका. पण त्याने वरिष्ठ कचेरीतल्या एका अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र खरे आहे. आपण हे सातशे रूबल पगार म्हणून घेत नाही, हद्दपार कैद्याचा शिधा म्हणून घेतो, असे त्याने त्यात कळवले. काही आठवड्यांतच त्याला नोकरीतून काढून आईच्या गावी, मिखाइलोव्स्कोयेला, नजरकैदेत पाठवण्यात आले.

आणि तिथे, ११ जानेवारी १८२५ च्या सकाळी, भर बर्फातून घसरगाडी हाकत तेरा नंबरच्या खोलीतला पुश्चिन येऊन थडकला. नजरकैदेतल्या माणसाला भेटणे धोक्याचे होते, तरी आला. पुश्किन अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर पायरीवर धावत आला. एकच दिवस दोघे एकत्र होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पीटर्सबर्गला उठाव झाला, पुश्चिन त्यात होता. फाशीची शिक्षा बदलून जन्मभराची सक्तमजुरी झाली आणि त्याला सैबेरियाला नेले. १८२८ च्या जानेवारीत चिता येथील तुरुंगाच्या कुंपणापाशी एका कैद्याच्या बायकोने फटीतून त्याच्या हाती कागद सरकवला. त्यावर पुश्किनची त्याच्यासाठी लिहिलेली कविता होती. तीस वर्षांनंतर, सुटून आल्यावर, पुश्चिनने आठवणी लिहिल्या आणि १८५९ साली तो गेला.

त्या एकोणतिसांची यादी वाचताना माणूस थक्क होतो. क्यूखेलबेकर हा हडकुळा, चिडका कवी. वर्गाने त्याची फार टर उडवली. त्याने उठावाच्या दिवशी झारच्या भावावर पिस्तूल रोखले, दहा वर्षे किल्ल्यात एकट्याने काढली आणि सैबेरियात मेला. गोर्चाकोव्ह रशियाचा चॅन्सेलर झाला. मात्युश्किन नाविक झाला, ध्रुवप्रदेशात मोहिमा केल्या. कोर्फ बडा अधिकारी झाला आणि ज्या उठावापायी दोन वर्गमित्र बेड्यांत गेले त्याचा सरकारी इतिहास लिहून मोकळा झाला. १८३७ च्या जीवघेण्या द्वंद्वयुद्धात पुश्किनच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा राहिला तो दान्झास, तोही याच वर्गातला. ही मंडळी १९ ऑक्टोबरला जमत, दरवर्षी एकेक खुर्ची रिकामी होत जाई. शेवटी हा दिवस एकट्याने साजरा करायची पाळी आपल्यापैकी कुणावर येईल, असे पुश्किनने १८२५ च्या कवितेत विचारले होते. ती आली गोर्चाकोव्हवर. तो १८८३ साली वारला.

आता इमारतीकडे वळतो. १८४३ साली शाळा पीटर्सबर्गला हलवली गेली आणि तिचे नाव अलेक्झांडर लिसेव झाले. श्चेद्रिन हा उपहासकार त्सार्स्कोये सेलोला दाखल झाला आणि राजधानीतल्या नव्या जागेतून बाहेर पडला, तो या संक्रमणातला. जुन्या इमारतीत दरबारी नोकरांची बिऱ्हाडे आली. भिंती पाडल्या, नव्या घातल्या, चौदा नंबर कुठे होता हेही दिसेनासे झाले. शाळा मात्र आपल्या विद्यार्थ्याला विसरली नव्हती. १८७९ साली अलेक्झांडर लिसेवात पुश्किनच्या वस्तू, पत्रे, पुस्तके यांचे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या नावाचे ते पहिलेच. मॉस्कोतला १८८० चा प्रसिद्ध पुतळासुद्धा माजी विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. जुन्या इमारतीशेजारच्या बागेत १९०० साली रॉबर्ट बाख याने घडवलेला बाकावर बसलेला किशोर पुश्किन आला. क्रांतीनंतर १९१८ साली शाळाच बंद झाली. गावाचे नाव आधी 'मुलांचे गाव' अशा अर्थाचे झाले आणि १९३७ साली, कवीच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, 'पुश्किन'.

चारच वर्षांनी जर्मन आले. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ गाव त्यांच्या ताब्यात होते. राजवाडा जळून सांगाडा उरला. बाकावरच्या पुश्किनला लोकांनी आधीच जमिनीत पुरून ठेवले होते. मूर्ती पुरून वाचवणे काय असते, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रात्रीतून देव उचलून नदीपलीकडे नेलेल्या महाजनांचे आपण वंशज.

१९४९ साली इमारतीतल्या थोड्या खोल्या उघडल्या. पूर्ण संग्रहालय उघडले १९७४ च्या जूनमध्ये, पुश्किनच्या १७५ व्या जयंतीला. खाली जेवणघर वगैरे, वर मोठा दिवाणखाना, वर्ग, पदार्थविज्ञानाची खोली, कमानीवरच्या सज्जातले ग्रंथालय आणि सगळ्यात वर ती अरुंद बोळकांडी, दोन्ही बाजूंना क्रमांकांची दारे. दारावरच्या पाटीवर चौदा.

या खाटेवर पुश्किन खरोखर झोपला होता का? बहुधा नाही. पडद्या नव्याने घातलेल्या आहेत. मग हे सगळे उभे केले कशाच्या आधारावर? कागदांच्या. शाळेचे दप्तर, आराखडे, सामानाच्या नोंदी, मुलांची पत्रे आणि पुश्चिनच्या आठवणी. कुणीतरी दोनशेएक वर्षांपूर्वी कंटाळत कंटाळत लिहून ठेवले की खोलीत अमुक इतक्या वस्तू आणि अमुक मजल्यावर अमुक दालन. म्हणून ते पुन्हा उभे करता आले. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठी शाबासकी दुसरी नाही.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात आपल्या गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. एकशिक्षकी, कौलारू, पुढे पडवी आणि एक आंब्याचे झाड. त्यांतल्या कितीतरी पटसंख्येअभावी बंद पडल्या. मी शिकलो तीही. तिच्या व्हरांड्यात आता निवडणुकीपुरते मतदानकेंद्र भरते. आमच्यातून पुश्किन निघाला नाही, मान्य. पण आज या भाषेत लिहिणारे-वाचणारे जे कोणी गोव्यात उरले आहेत, त्यांतले बहुतेक असल्याच एखाद्या पडवीत पाटी घेऊन बसले होते. उद्या त्यांच्यापैकी कुणाची खोली शोधायची वेळ आली तर?

मागच्या मे महिन्यात मी गावी गेलो असता शाळेची किल्ली मागून आत जाऊन आलो. कपाटाला वाळवी लागली आहे. वरच्या खणातले जनरल रजिस्टर मात्र शाबूत आहे. कापडी बांधणीचे, जाडजूड. १९६४ पासूनची सगळी नावे, जन्मतारखा, शाळा सोडल्याचे कारण. कारणाच्या रकान्यात मुलींच्या नावांपुढे गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे, 'घरकाम'. मी दोन दिवस बसून सगळ्या पानांचे फोटो काढले. रजिस्टर कुणाच्या ताब्यात द्यायचे, यासाठी एक अर्ज लिहून ठेवला आहे. तो कुठल्या कचेरीत द्यायचा, याची चौकशी चालू आहे.